कन्हानच्या लाईनचा बिघाड

प्रीतीने पोर्टचा, म्हणजे नव्या मशीनमधल्या जागेचा, क्रमांक टाकला, त्यापुढे कन्हानच्या इंदूबाईंचा टेलिफोन नंबर टाकला आणि एंटर दाबलं. एवढ्यानेच एक अख्खी लाईन भिंतभर पसरलेल्या जुन्या मशीनमधून उडी मारून शेजारच्या, टिफिनच्या डब्याएवढ्या नव्या मशीनमध्ये जाऊन बसली. कामठीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं.

मागे स्टुलावर दादाजी बसले होते. लाईनमन म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण रोज जेवणाआधी ते येत, टेस्टिंगचा फोन उचलत आणि कन्हानचा तो एकच नंबर फिरवत. लाईन तपासायची म्हणून. तिथे इंदूबाई एकट्या राहत. त्यांचा फोन दादाजींनीच बसवला होता. पण नोकरी संपल्यावर त्या घराची पायरी चढायला कारण उरलं नव्हतं. उरला होता तो बिघाड, आणि तो दादाजी रोज नवा पैदा करत. कधी नदीच्या पुलावर माकडाने तारेला झोका बांधलेला असे. कधी उन्हाने तार इतकी लांबलेली असे, की कामठीत केलेला हॅलो कन्हानला पोचेस्तोवर म्हातारा होई. एकदा तर छावणीतल्या बँडचा बिगुल तारेत अडकला होता म्हणे, आणि तो निघेपर्यंत गावातले सगळे फोन सलामी देत होते. इंदूबाई सगळं ऐकून घेत, लाईन ठीक आहे म्हणत आणि फोन ठेवत. एक्सचेंजमधलं कुणी यावर हसत नसे. फारच झालं तर बाहेर जाऊन हसे.

"आता सगळ्या लाईनी हे मशीनच तपासत राहते, दादाजी," प्रीती म्हणाली. "तारेवर माकड बसलं तरी आपणहून सांगते."

दादाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे फोन कराचं कामच नाही."

प्रीतीला आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटलं. आज एकदा करायचाच आहे, ती म्हणाली, नव्या पोर्टवर आवाज नीट जातो का ते पाहायला. तिने स्पीकर लावून फोन त्यांच्यापुढे सरकवला.

पहिल्याच घंटीला तिकडून उचलला गेला. दादाजींनी तोंड उघडलं. मग नव्या डब्याकडे पाहिलं. तो हिरवे दिवे लावून बसला होता; त्यात माकडाला टेकायला कुठे जागाच नव्हती.

"बाई, तुमची लाईन नव्या मशीनवर घेतली," ते म्हणाले. "आता तिले काही होत नाही. उद्यापासून माझा फोन नाही येणार."

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. प्रीतीने सवयीने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. लाईन चालू होती.

"पण इकडं तं मोठा बिघाड हाये," इंदूबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"मुंग्या." त्या थांबल्या, पुढचं जुळवत असल्यासारख्या. "फोनच्या डब्यात शिरल्या. सकाळी उचलला तं त्यायची राणीच बोलून राहिली होती. म्हणे, नागपूरले लावून द्या, मले माहेरी बोलाचं हाये."

दादाजी स्टुलावर सरळ झाले.

"काळ्या का लाल?"

"मले बारीक दिसत नाही. तुमीच येऊन पाहा."

प्रीतीने तोवर त्या लाईनची तपासणी लावली होती. पडद्यावर उमटलं: बिघाड नाही. तिने पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

फोन ठेवून दादाजींनी टोपी घातली, काढली, झटकली आणि पुन्हा घातली. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"लाल असल्या तं लय चिवट असतात," ते म्हणाले. "एका दिवसात नाही निघत."

"काळ्याही नाही निघत," प्रीती म्हणाली, आणि पुढच्या लाईनचा नंबर टाकू लागली.