मधला गडी

चहाची कपबशी हातात घेण्यापूर्वी हिरासिंग एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाही, मग उजव्या. मान फार वळत नसे. तीन-चार बोटे, तेवढीच. मग हात पुढे येई. चंदाबाईने हे पहिल्या दिवशी पाहिले आणि नंतर करून पाहिले. भाकर समोरून दिली, बाजूने दिली, पाण्याचा तांब्या न बोलता पुढे धरला. दर वेळी तेच. भिंतीला पाठ टेकून बसला असला, तरच तो मागे पाहत नसे.

तो परतल्यापासूनच्या बारा दिवसांत नवऱ्याबद्दल तिला कळलेली ही एकच पक्की गोष्ट होती. लग्नाला अठरा वर्षे झाली होती. त्यातली अकरा तो आफ्रिकेत, मोंबासाच्या बंदरात होता. कागदावर गोदीचा पहारेकरी, पण पगार मिळे तो फुटबॉल खेळण्याचा. शेवटी गुडघा गेला, खेळ संपला आणि १९६४ च्या जानेवारीत तो दिग्रसजवळच्या आपल्या तांड्यावर आला. पेटीत क्लबचे पत्र होते. नव्या पोरांना शिकवायला परत ये, बोट मार्चमध्ये आहे, असे त्यात लिहिलेले. कोणी विचारले की तो "पाहू" म्हणे.

चंदाबाईचे मागणे फार नव्हते. मूलबाळ नव्हते, वाटणीची चार एकर पऱ्हाटी ती एकटी पाहत होती आणि तिचे निभत होते. पण त्रेपन्न साली तो परदेशी चालला हे तिला नणंदेकडून कळले होते. सत्तावन्न साली सुट्टीवर आला, तो कोणत्या दिवशी निघणार हे विहिरीवर कळले, तेही परक्या बाईकडून. या खेपेस जाणे असो की राहणे, ते तिला त्याच्या तोंडून ऐकायचे होते. विचारून 'पाहू'च मिळाले असते, आणि घरात विचारायची सोयही नव्हती. घरात सासरे, आणि सासऱ्यांसमोर तांड्यातली सून बोलत नाही.

सासरे धावजी एका सकाळी शेकोटीपाशी बसले होते. अंगणात चार माणसे पाहून त्यांनी मुद्दाम विचारले, "पोरा, गोल किती केले असन तू? हजारेक?"

"चार, बा."

"चार हजार?"

"नाही. चार."

धाकटा भाऊ किसनसिंग हसत सुटला. "म्हंजे अकरा साल नुस्ता पयत होता काय, दादा? अन् इथं बा हरेक लग्नात तुह्या गोलांची गोष्ट सांगत फिरते!"

धावजींनी चिलीम खाली ठेवली. हिरासिंग शांतपणे म्हणाला, "मी हाफ होतो, बा. मधला गडी. मांगून आलेला चेंडू घ्याचा, न पुढच्याले द्याचा. गोल पुढचा करते."

म्हाताऱ्याने शेकोटीतले लाकूड पुढे सारले. मग म्हणाला, "माहा बाप लदेणीत मधी चाले. मीठ लादलेले बैल, दीडशेक. पुढं नायक, मांगं भालेवाले. गाण्यात नाव त्याहिचंच. मधल्याचं कोनी घेत नाही. पन रांग तुटते, ते मधातूनच तुटते." आणि त्यांनी चिलीम पुन्हा उचलली.

दारामागे चंदाबाईच्या हातातले सूप थांबले होते.

सव्वीस जानेवारीला दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात सामना होता. जिनिंगचे कामगार विरुद्ध शाळेचे जुने विद्यार्थी. किसनसिंगने भावाला शाळेच्या बाजूने उभे केले. "दाखव तं खरं, काय करत होता ते." चंदाबाई जाऊबाईबरोबर छकड्यात बसून घुंगटाच्या फटीतून पाहत होती. तिने फुटबॉल कधी पाहिला नव्हता.

तो धावलाच नाही म्हणायचे. लंगडत मधोमध फिरत राहिला. चेंडू येण्यापूर्वी डाव्या खांद्यावरून पाही, उजव्या खांद्यावरून पाही, आणि चेंडू आला की पायाला लागून लगेच दुसऱ्याकडे गेलेला असे, जिथे मोकळा गडी उभा असेल तिथे नेमका. चहाची कपबशी! चंदाबाईला हसू आले. इतके दिवस तिला वाटत होते, याला कशाची तरी भीती बसली आहे.

एकदाच चुकले. त्याच्या पुढचे तिन्ही गडी घेरले गेले होते. चेंडू पायाखाली धरून तो उभा राहिला. डावीकडे पाहिले, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जिनिंगच्या एका पोराने चेंडू काढून नेला आणि गोल केला.

परतीला चढावर सगळे छकड्यातून उतरले, तेव्हा ती त्याच्या बाजूला आली. हळूच म्हणाली, "तवा काहून थांबले तुमी?"

"द्यायले कोनी नव्हतं."

"मंग सोताच न्याचा न पुढं."

तो ओशाळून हसला. "थे नाही जमलं मले कधी."

दिवस मावळता मावळता धावजींनी पत्राचा विषय काढला. "क्लबाले काय लिवतो?"

अंगणाच्या मधोमध उभा राहून हिरासिंग म्हणाला, "तुमी म्हनान तसं, बा."

"म्या म्हातारा काय सांगू? किसन्याले इचार."

"मले काय समजते?" किसनसिंग बैलांचे दोर सोडत म्हणाला. "वहिनीले इचार."

हिरासिंगने तिच्याकडे पाहिले. आता चंदाबाईला सगळे दिसले. घुंगट तसाच ठेवून, अठरा वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांच्या देखत, ती बोलली.

"माह्याकडं नका देऊ."

धावजी काठी टेकत उठले आणि बाहेर गेले. किसनसिंग बैल घेऊन त्यांच्यामागून गेला. अंगण रिकामे झाले. हिरासिंगच्या पाठीशी भिंत नव्हती. चंदाबाई त्याच्या मानेकडे पाहत थांबली. वळणार ती तेवढीच तीन-चार बोटे.

मान वळली नाही.

"मार्चच्या बोटीनं मी परत जातो, चंदा," तो म्हणाला. "पयले तुले सांगून राह्यलो."