वलांडीवर वाळलेली फीत

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं एक बटण मोडलंय, तिथे आगकाडी खोचावी लागते. हसू नका मित्रांनो, काम चालतं!

समुद्रकाठच्या नवापूर गावातल्या एका मच्छीमार घरात, खिडकीखालच्या फळीवर मी राहतो. माझा मालक दर्पण तारापूरच्या कारखान्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर संगीत रचतो. पूर्वी तो मला खांद्याला अडकवून बंदरावर न्यायचा. होडीच्या इंजिनाची धडधड, बर्फ फोडण्याचा आवाज, कारखान्याचा भोंगा, सगळं मी टिपून घेतलं. त्यात कीबोर्डचे सूर मिसळून त्याने एक रचना केली. तिची एकच कॅसेट होती. पालघरच्या एका छोट्या कार्यक्रमात ती वाजली, चार टाळ्या पडल्या, आणि पुढे मला कुणी विचारेना. घरच्यांनी तर माझ्या डोक्यावर मिठाची बरणी ठेवली. तो अपमान मी विसरलेलो नाही.

गेल्या दिवाळीत दर्पणच्या मोबाइलवर मासवणच्या कमलाकांत काकांचा मेसेज आला. त्या कार्यक्रमाला ते हजर होते. "दर्पणभाऊ, ती रचना अजून मनात आहे. माझा उजवा कान गेला, डावाही चाललाय. ऐकू येतंय तोवर एकदा ऐकवा."

दर्पण इतका हरखला की त्याने मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. पण कॅसेट ऐकताना त्याचं तोंड वाकडं झालं. मध्ये एका जागी इंजिन बंद पडतं आणि सूर एकटाच पुढे जातो, ते त्याला खटकलं. "एक जागा सुधारतो, मग पाठवतो," त्याने लिहिलं.

"जशी आहे तशी चालेल," काकांनी कळवलं. होळीला त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर गेलं. मला असा राग यायचा! मोबाइल माझ्यासमोर धरायला कितीसा वेळ लागला असता?

उन्हाळ्यात अवकाळी पाऊस खिडकीतून आत आला आणि कॅसेट भिजली. "आत्या, फीत ओली झाली गं," एवढं बोलून दर्पण कामावर गेला. ऊन पडताच काशीबाई आत्याने ती फीत हलक्या हाताने बाहेर ओढली, गोड्या पाण्याने धुतली आणि बोंबील वाळवायच्या वलांडीवर टांगली. बांबूखाली काठी घेऊन ती राखणीला बसली.

"बघ, कशी वाळलीय! कावल्याला शिवू दिलं नाय मी," दर्पण परतल्यावर ती म्हणाली.

त्याने ती उन्हाने सुरकुतलेली, खाऱ्या वाऱ्याने खारटलेली फीत गुंडाळून माझ्यात घातली. मी जीव तोडून प्रयत्न केला. नुसती खरखर आली.

"वाजतंय ना रं?" आत्याने चुलीपाशून विचारलं.

"वाजतंय, आत्या."

काकांना त्याने लिहिलं, "रेकॉर्डिंग खराब झालं. चूक माझीच, उशीर केला." आत्याचं नाव घेतलं नाही.

काही दिवसांनी काकांनी मोबाइलवर स्वतःचा आवाज भरून पाठवला. ते बोटांनी टेबलावर इंजिनाची धडधड वाजवत होते आणि कापऱ्या आवाजात ती रचना गुणगुणत होते. एका जागी बोटं थांबली, आवाज एकटाच पुढे गेला. ती जागा त्यांनी दोनदा घेतली. "हीच मला सगळ्यात आवडायची," ते म्हणाले. "आता माझं मलाही ऐकू येत नाही. चुकलं असेल तर सांभाळून घ्या."

दर्पणने माझ्यात नवी कॅसेट घातली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मग त्याने आगकाडी खोचली आणि ते गुणगुणणं माझ्यात भरून घेतलं.

मित्रांनो, मला पुसू नका हवं तर, बरणीही ठेवा डोक्यावर. पण कुणी जीव लावून काही मागितलं, तर जसं आहे तसं लगेच द्या. काकांची रचना आता माझ्याकडे आहे, आणि काकांना ती ऐकवता येत नाही.