अर्धी दाढी

गावाला डांबरी रस्ता हवा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, भांडले, उपाशी बसले. आणि रस्ता झाला तसे सगळे त्याच रस्त्याने निघून गेले. आधी पोरं गेली, मग त्यांच्यामागे सुना, मग नातवंडं सांभाळायला म्हातारी माणसं. रस्त्याला तरी काय बोल लावणार?

न्हाव्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या. एके काळी दोन्हींवर गिऱ्हाईक असे आणि बाकावर चार जण ताटकळत बसलेले असत. आता एका खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठाण मांडून होता. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," असं गिरणीवाला त्याला चिडवायचा. समोरची पिठाची गिरणी त्याची. लहानपणापासूनचा दोस्त, आणि आता दिवसभरात न्हाव्याशी बोलणारा एवढा एकच माणूस. तोही आज निघाला होता. दळण येईना, गुडघे साथ देईनात, शेवटी लेकीने शहरात बोलावून घेतलं. कायमचं.

बसची वेळ होत आली तेव्हा तो बॅग घेऊन दुकानात शिरला आणि खुर्चीत बसला.

"कर दाढी. जावयाच्या दारात हा अवतार घेऊन कसा जाऊ?"

न्हाव्याने मान डोलावली आणि त्याच्या मनात पाप आलं. दिवसातून एकच बस, आणि ती कुणासाठी थांबायची नाही. तरुणपणी दोघांनी तिच्यामागे धावून चपला झिजवल्या होत्या. आज चुकली तर निदान एक दिवस तरी हातात येईल, आणि एकदा मोडता घातला की बेत बारगळायला कितीसा वेळ लागतो!

त्याने डावा गाल गुळगुळीत केला. उजव्या गालाला फेस फासला आणि वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत उभा राहिला. मग पाणी गार झालं म्हणून स्टोव्ह पेटवायला गेला. अर्धी दाढी घेऊन कुठला शहाणा माणूस बसमध्ये चढेल?

"आटप की लेका," गिरणीवाला म्हणाला, पण डोळे मिटूनच.

बस आली. दुकानासमोर वळली. हॉर्न वाजला. दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही. आता जाईल, आता जाईल, असं न्हावी मनाशी म्हणत राहिला.

इंजिन बंद झालं आणि ड्रायव्हर दारात आला.

"दाढी चाललीय होय काका? होऊ द्या निवांत."

"अरे, पण तुझी वेळ?" न्हावी कसाबसा म्हणाला.

"कसली वेळ घेऊन बसलात! येताना गाडी रिकामी आली. ह्या काकांना सोडून जाऊ, तर नेऊ कुणाला?" त्याने वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली ठेवला आणि दुसऱ्या खुर्चीत ऐसपैस बसला.

गाव भरलेलं होतं तेव्हा जी बस घटकाभर थांबली नाही, ती आता गाव ओस पडलं म्हणून थांबली होती. न्हाव्याला हसावं की रडावं कळेना. वस्तरा उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"जपून, कापशील," गिरणीवाला म्हणाला. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "सकाळी उजाडल्यापासून बॅग भरून बसलो होतो. मुद्दामच उशिरा आलो. म्हटलं, चुकली तर चुकली."

"मग तसं सांगायचं होतंस, गाढवा!"

"काय सांगू? लेकीने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय."

न्हाव्याने उजवा गाल केला, हनुवटीखालचं केलं, कानापाशी राहिलेला फेस पुसला. दाढी अगदी नीट झाली. दोघे बसपर्यंत गेले, न्हाव्याने बॅग वर चढवून दिली, आणि गिरणीवाला खिडकीशी जाऊन बसला.

ड्रायव्हरने आपल्या जागेवरून वाकून विचारलं, "अजून कुणी यायचंय का काका?"

"नाही रे बाबा," न्हावी म्हणाला. "एवढाच होता."