ठाणेदार आणि पटवारी यांचा बंदोबस्त

सुंकूचाचाने मेंढरं विकली, कुत्रे विकले नाहीत. गुडघ्यांनी धौलाधारची खिंड चढायला साफ नकार दिला तेव्हा सारा कळप त्याने एका दमात देऊन टाकला आणि ठाणेदार व पटवारी या दोघांना घेऊन तो आमच्या घरोटी गावात कायमचा राहायला आला. पस्तीस वर्षं तो वर्षातले आठ-नऊ महिने डोंगरावर असायचा. त्यामुळे नवरा घरात असणं ही रेशोचाचीला नवीनच गोष्ट होती. तिने ती फारशी तक्रार न करता सोसली. कुत्रे तिला आवडले, कारण ते चहात साखर कमी आहे असं म्हणत नसत.

दोघेही अस्सल गद्दी, म्हणजे आमच्याकडच्या धनगरांचे, कुत्रे. वासराएवढे, काळे, मानेभोवती सिंहासारखी आयाळ आणि त्या आयाळीत बिबट्यापासून बचावासाठी घातलेला खिळ्यांचा लोखंडी पट्टा. ठाणेदार नऊ वर्षांचा, पटवारी सहाचा. ठाणेदार नावाप्रमाणेच ठाण्यावर कधी सापडत नसे. पटवारीला तलाठ्यासारख्या सगळ्या हद्दी पाठ होत्या आणि त्यातली एकही तो मानत नसे.

पहिल्या आठवड्यातच दोघे अंगणाबाहेर गेले. चाचाची दगडी भिंत कमरेएवढी होती, ती त्यांनी ओलांडली. चाचाने ती छातीएवढी केली. तीही त्यांनी ओलांडली, फक्त थोडं मागून धावत येऊन. मग भिंतीवर काटेरी झुडपं आली. मग फाटकाला कडी आली, ती पटवारीने नाकाने उघडली. कडीला खिट्टी लावली, तर दोघांनी फाटकाखालून खड्डा काढला. खड्ड्यात चाचाने दगड भरले, तेव्हा ते लाकडाच्या रचलेल्या ढिगावर चढून गोठ्याच्या दगडी पाट्यांच्या छपरावरून उतरले. छपराच्या चार पाट्या फुटल्या. बद्दी शहरात कारखान्यात कामाला असलेल्या चाचाच्या मुलाने लोखंडी जाळी पाठवली. ती लावून झाली तेव्हा सुंकूचाचा कंबर धरून मला म्हणाला, "मास्टरजी, आता उंदीरसुद्धा बाहेर जाणार नाही."

उंदीर गेला नाही, हे खरं.

माझं घर त्याच्या कुंपणाला लागून आहे आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला पाहायला भरपूर वेळ असतो. मी सांगतो, त्या चार महिन्यांत चाचाने जे बांधलं ते हळूहळू हुबेहूब मेंढरांचा वाडा झालं होतं. दगडाची भिंत, वर काटे, एकच अरुंद फाटक. दुसरं त्याला येत काय होतं? पस्तीस वर्षं त्याने एकच वस्तू बांधली होती, फक्त दर मुक्कामी नवी.

कुत्रे पळून कुठे जात? कुठेच नाही. संध्याकाळी बाहेर पडायचे आणि घराभोवती मोठा फेर धरायचे. त्या फेरात दुर्दैवाने गावचा रस्ता, शाळा, भाजीची गाडी आणि मंदिर येत होतं. कोणाला चावल्याची एकही नोंद नाही. ते फक्त माणसांना जिथे असायला हवं असं त्यांना वाटे तिथे नेऊन ठेवत. भाजीवाल्याला त्यांनी दोनदा त्याच्या गाडीत परत बसवलं. शेवटी वरच्या पाहुणाघरात उतरलेली तीन शहरी माणसं फिरायला निघाली, त्यांना या दोघांनी मंदिराच्या आवारात गोळा केलं आणि अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवलं. त्यातल्या एका बाईंना त्या निमित्ताने दर्शन घडलं, पण त्यांनी ती जमेची बाजू धरली नाही.

पंचायतीची प्रधान, म्हणजे सरपंच, सुदर्शना. बाई न्यायी आहे. सगळ्यांवर सारखीच रागावते. तिने चाचाला बोलावून शांतपणे सांगितलं, की आणखी एकदा कुत्रे बाहेर दिसले तर नदीकाठच्या खडी क्रशरवर जातील. तिथला मालक पहाऱ्यासाठी दोन मोठे कुत्रे कधीपासून मागत होता. तिथे साखळी आहे, पत्र्याची शेड आहे आणि दिवसभर दगड फुटतात.

चाचा परत येऊन माझ्या ओट्यावर बसला. म्हणाला, की साखळीचा कुत्रा त्याने एकदा पाहिलाय. सहा महिन्यांत तो स्वतःचीच शेपटी चावायला लागला होता. एवढंच सांगून तो जाळी तपासायला उठला.

चैत्रात कळप वर जायला लागले. या इशाऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचाचा चुलतभाऊ भीखम आपली मेंढरं घेऊन आला आणि आमच्या रिवाजाप्रमाणे चाचाच्या फाटकासमोरच्या माझ्या पडीक शेतात बसला. शेताला खत मिळतं, कळपाला जागा मिळते आणि शेतमालकाने धनगराला जेवू घालायचं. भीखमने कुत्रे वर न्यावेत म्हणून चाचीने शब्द टाकून पाहिला. पण त्याचे स्वतःचे चार कुत्रे होते, ते या दोघांना तासाभरात फाडतील किंवा उलट, असं त्याचं म्हणणं पडलं. शिवाय ठाणेदाराचे गुडघे मालकासारखेच झाले होते.

दिवस मावळायला आला होता. भीखमचे चारही कुत्रे चाचाच्या फाटकाबाहेर भीखमने मांडलेल्या चुलीशी लोळत होते, आमचे दोघे आत. भीखम, चाची आणि मी चाचाच्या ओट्यावर. चाचा उठला, फाटक लावलं, खिट्टी घातली, दोन बोटं तोंडात घातली आणि एक लांब शीळ वाजवली.

चुलीजवळचे चारही कुत्रे एकदम उठले आणि शेताच्या चार कोपऱ्यांकडे चालू लागले. त्याच क्षणी ठाणेदार आणि पटवारी जाळीवरून गेले. उडी मारली असं म्हणता येणार नाही. कामावर निघालेली माणसं जशी जातात तसे गेले.

भीखम चिलीम खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, तू यांना रोज बाहेर हाकलतोस कशाला?"

"मी? मी तर फाटक लावलं."

"आणि शीळ कोणी घातली?"

"कसली शीळ?"

चाचाला खरंच माहीत नव्हतं. पस्तीस वर्षं वाड्याचं तोंड बंद केलं की तो ती शीळ घालायचा. मेंढरं आत आली, आता तुम्ही बाहेर व्हा, असा तिचा अर्थ. कुत्र्याची जागा वाड्याच्या बाहेर. आत झोपणाऱ्या कुत्र्याला आमच्याकडे मेंढी म्हणतात. चाचाच्या हाताला फाटक लागलं की बोटं आपसूक तोंडात जात होती. आणि ते दोघे बिचारे चार महिने मालकाचा हुकूम पाळत होते. मालक रोज हुकूम अधिक अवघड करत होता, तरी पाळत होते.

मी मोठ्याने हसणार होतो. पण चाचीकडे पाहिलं. तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

"मी समजत होते, ती चहासाठी आहे," ती म्हणाली.

चार महिने शीळ ऐकली की ती चहा ठेवत होती.

त्या संध्याकाळी कुत्रे शेताच्या कडेला बसले, आम्ही त्यांना पोत्याआड आत आणलं, कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चाचाने शीळ बंद केली. हात खिशात घालून फाटक लावायचा. उपयोग झाला नाही. शीळ ऐकू येईना, म्हणून दोघे फाटकाशी उभे राहिले, भिंत उकरत, चाचाकडे बघत. नोकरीवरून अचानक कमी केलेल्या माणसाची नजर मी शाळेत पाहिली आहे, ती हीच. तिसऱ्या दिवशी जेवण सोडलं.

तोडगा चाचीने काढला. तिने विचारलं, कुत्र्याला वाड्याच्या बाहेर राहायचंय, अंगणाच्या बाहेर नाही ना? मग वाडाच आत बांधा. अंगणाच्या मधोमध, उरलेले दगड आणि काटे लावून, एक खाट मावेल एवढा. चाचाने दोन दिवसांत बांधला. त्याचं फाटक लावून शीळ घातली. कुत्रे आले, आत वाकून पाहिलं, आत कोणी नाही असं दिसल्यावर मोठ्या भिंतीकडे निघाले. पटवारी रिकाम्या जागेचा पंचनामा करणारा नव्हता.

चाचा म्हणाला, की भीखमकडून चार मेंढ्या घेऊ. चाची म्हणाली, एक शेपूटसुद्धा या घरात परत येणार नाही. मग ती स्वतः त्या वाड्यात खाट टाकून तिच्यावर बसली.

"पस्तीस वर्षं मेंढरं राखलीत," ती म्हणाली. "आता मला राखा. या, आत बसा."

चाचा आत बसला. फाटक लावलं. शीळ घातली. ठाणेदाराने नाक आत घालून मोजदाद केली, दोन डोकी. तो वाड्याच्या वरच्या अंगाला बसला, पटवारी खालच्या. दोघांची तोंडं बाहेर. मोठ्या भिंतीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून रोज तिसऱ्या प्रहरी दोघे म्हातारा-म्हातारी थर्मास घेऊन वाड्यात जातात. पहारा उठतो तो कुत्र्यांना मक्याच्या रोट्या आणि ताक मिळालं की. डोंगरावरही तसंच असे. खाणं म्हणजे सुट्टी. चाची रोट्या आधी करून गोठ्याच्या फळीवर ठेवते, मी कुंपणावरून येऊन देतो. आठ दिवसांत कुत्रे एकदाही बाहेर गेले नाहीत.

नवव्या दिवशी सुदर्शना वही घेऊन आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं, की चाचाने घरात आणखी एक कुंपण घातलंय, आणि हे कुंपण चालतं यावर तिचा विश्वास नव्हता. ती तरातरा अंगण ओलांडून थेट वाड्यात शिरली, खाटेच्या कडेला बसली आणि चाचाला सुनावायला लागली. चाचाने सवयीने फाटक लावलं. बोटं तोंडात गेली.

ठाणेदाराने नाक आत घातलं. तीन डोकी.

सुदर्शनाचं बोलून झाल्यावर ती उठली. फाटक उघडलं, तर तिथे पटवारी उभा होता. तो भुंकला नाही, दातही दाखवले नाहीत. फक्त तिच्या गुडघ्यांना खांदा लावून तिला सावकाश खाटेवर परत आणून बसवलं.

"याला बाजूला करा, चाचा."

चाचाने हळू आवाजात सांगितलं, की एक शीळ आहे, पहाटेची, दोन आखूड. ती घातली की ते लगेच बाजूला होतील. पण ती कळप चरायला निघाल्याची शीळ. ते मोठ्या भिंतीवरून थेट रस्त्यावर जातील. मग तुम्हीच म्हणाल, की कुत्रे बाहेर गेले.

सुदर्शनाने मोठ्या भिंतीकडे पाहिलं, मग पटवारीकडे, मग चाचाकडे. चाचीने तिच्यासाठी चहा ओतला.

"मग मी किती वेळ बसायचं?"

"रोट्या येईपर्यंत," चाची म्हणाली. "मास्टरजी आणतात."

सगळ्यांनी कुंपणावरून माझ्याकडे पाहिलं. आता इथे मला खरं सांगायला हवं. रोट्या गोठ्याच्या फळीवर होत्या, झाकलेल्या, अजून गरम. पण सुदर्शनाची वही अजून मिटलेली होती, त्यात काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, आज जरा उशीर आहे, पीठ मळायचंय.

"तुमच्या घरी पीठ कोण मळतं?" तिने संशयाने विचारलं.

मी मळतो म्हणालो. तिने उसासा टाकला. एका हातात कप, दुसऱ्यात पेन घेऊन तिने वही मांडीवर उघडली. ठाणेदार फाटकाबाहेर तिच्या निसटलेल्या चपलेवर हनुवटी ठेवून बाहेर बघत होता. तिने लिहिलं, मग मोठ्याने वाचून दाखवलं, की पाहणीच्या वेळी दोन्ही कुत्रे अंगणातच होते, बाहेर गेले नाहीत, आणि कोणाला जाऊही दिलं नाही. शेवटचे पाच शब्द तिने खोडले. खाली तारीख घातली, सही केली.

मग मी पीठ मळायला गोठ्यात गेलो आणि लगेच आलो.