मैनेला आलेलं स्थळ

अनंत राणेच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू. दहिसरच्या मैदानात घोड्यांचं प्रदर्शन होतं. चालीच्या गटात जी घोडी पहिली येईल, ती मुलुंडच्या हर्षदशेठच्या सुलतान या नामी घोड्याकडून फुकट भरवून, म्हणजे गाभण करून, मिळणार होती. सुलतानच्या शिंगराला गिऱ्हाईक आधी येतं, शिंगरू मागाहून. तसं एक शिंगरू तबेल्यात आलं की वरातीत बँडच्या मागे घोडी धरून चालायचे अनंतचे दिवस संपले असते.

अनंतची घोडी मैना त्याच्या घरचीच पैदास. रेवाल चाल तिला जन्माची: पाय झपझप पडतात, पाठ मात्र हलत नाही. ही चाल यावी म्हणून लोक घोड्यांच्या पायांत वजनाच्या साखळ्या घालतात. अनंतने नुसता दोर धरून तिला नदीकाठी फिरवलं. वय अडीच, म्हणून खोगीरही चढवलं नव्हतं. प्रदर्शनातही तो तिच्या बाजूने पळणार होता.

"साखळी नाय, खोगीर नाय. घोडी पाळलीस की भाची आणलीस गावाहून?" मालन म्हणाली. जुहूच्या वाळूत पोरांना फिरवणारी तिची आठ वर्षांची घोडी याच गटात होती.

"भाची असती तर उलट बोलली असती. ही ऐकते तरी."

मैना पहिली आली, मालनची घोडी दुसरी. धाप लागली ती अनंतला. हर्षदशेठने हारही घाईत त्याच्याच गळ्यात घातला आणि टेम्पोकडे बोट केलं.

"चला, आजच नेतो हिला. मोसम संपत आलाय."

अनंतची बायको अस्मिता मैनेचे पाय पुसत होती. ती भांडणार, हे धरून अनंतने उत्तरं जुळवून ठेवली होती: सगळेच या वयात भरवतात, एकदाच तर आहे. तिने त्यातलं एकही खर्चू दिलं नाही.

"जनावरांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?" तिने विचारलं.

"चार वर्षं पुरी होईपर्यंत नको."

"मग आता कोणाला विचारतोयस?"

मैनेने हनुवटी अनंतच्या खांद्यावर टेकली होती. ती त्याने हळूच बाजूला केली. मग शेठकडे गेला.

"शेठ, पोर लहान आहे अजून. दीडेक वर्ष थांबाल का?"

"अरे, स्थळ चालून आलंय आणि मुलीचा बापच मागे सरतोय?" शेठ हसले. "सुलतान विकलाय मी. पुढच्या महिन्यात गुजरातला चालला. यंदाचं बक्षीस यंदाच."

अनंतने टेम्पोकडे एकदा नीट बघून घेतलं.

"मग मालनला द्या. तिची घोडी जाणती आहे."

"दान करतोस काय रे मला?" मालन म्हणाली.

"दुसरी आलीस ना? हक्काचं आहे, घे."

"शिंगरू झालं की दाखवायला आणीन हां. जळवायला."

"आण की."

टेम्पो गेला तो मालनच्या घोडीला घेऊन. आता हिशेब. शिंगरू मालनच्या वाट्याला गेलं. आपल्या घोड्याला नकार आला, हा किस्सा हर्षदशेठला जन्मभर पुरेल. येत्या रविवारी बोरिवलीला वरात आहे आणि अनंत बँडच्या मागे असणार आहे, म्हणजे किंमत मोजली ती त्याने एकट्याने. मैनेकडून कोणी काही घेतलं नाही.