लुगड्याचा आडोसा

पैठणहून आलेल्या पत्राला पुंडलिकरावांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. कपाटातल्या एका जाड शब्दकोशात ते दडवून ठेवलेलं होतं, आणि तो कोश त्यांनी त्यानंतर उघडलाच नव्हता. वहीच्या पानावर सुलेखा नावाच्या मुलीनं लिहिलं होतं: 'तुम्ही घाटावर काढलेल्या फोटोत लुगड्याआड माझी आई आहे. तिची उघडी पाठ दिसते, तोंडही ओळखू येतं. तुमच्या मंडळाच्या फेसबुकवरून तो आमच्या गल्लीत सगळ्यांच्या फोनवर गेला. आई घाटावर जायची बंद झाली. फोटो काढून टाका.'

तेव्हा पुंडलिकरावांनी पत्र बद्रीनाथला दाखवलं होतं. बद्रीनाथचा गुलमंडीत फोटो स्टुडिओ, आणि हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा अध्यक्षही तोच.

"घाट काय तिच्या घरचा हाय का?" तो म्हणाला होता. "सार्वजनिक जागा हाय. उत्तर दिलं की कबूल केल्यासारखं होतंय. गप बसा."

गप बसणं पुंडलिकरावांना जन्मापासून जमत आलेलं. सदतीस वर्षं ग्रंथपाल असून वाचकाकडं मुदत उलटलेलं पुस्तक मागतानाही ते तीनदा खाकरत. शिवाय त्या फोटोला मंडळाचं पहिलं बक्षीस होतं. आयुष्यातलं एकमेव.

आणि परवा मंगळवारी सकाळी गुलमंडीत एका जुन्या घराच्या लाकडी सज्ज्याचा फोटो काढताना एक मुलगी नेमकी खाली रिक्षातून उतरली.

"आजोबा, माझा फोटो काढला का?"

"नाही, म्हणजे, तो सज्जा..."

खरं बोलतानाही त्यांची जीभ अडखळे. चार माणसं जमली. "म्हातारे लई बेरकी असतात," कुणीतरी म्हणालं आणि वरात चौकीवर निघाली.

चौकीत त्यांना तिघांनी तीनदा नाव विचारलं. तिसऱ्यानं 'पुंडलिक'मधला ळ कुठं गेला म्हणून विचारलं. त्यात ळ नसतोच, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

"सज्ज्याचे फोटो कशाला काढता? गुगलवर लई हायेत की."

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं त्यांच्या मनात आलं. पण मोठ्यानं म्हणायची छाती झाली नाही. त्यांनी बद्रीनाथला फोन केला.

बद्रीनाथ आला तो खिशातला छापील कागद फडकवतच. "बायांना चोरून बघण्याचं, फोटो काढण्याचं कलम सत्त्याहत्तर. वाचा बाई."

हवालदार भामाबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. "चष्मा घरी राहिला. आजोबा, तुम्हीच वाचा. तुमचीच केस हाय."

पुंडलिकराव वाचू लागले. वाचन हे एकच काम त्यांना न अडखळता येई. बाई खासगी काही करत असताना, आपल्याला कुणी पाहत नाही अशी तिची साहजिक अपेक्षा असेल अशा परिस्थितीत... इथं ते थांबले.

"पुढं?" भामाबाई म्हणाल्या.

कागदावर 'परिस्थिती' असा शब्द होता. बद्रीनाथची 'सार्वजनिक जागा' त्यांना कुठं दिसेना. लहानपणी वैजापूरकडच्या नदीवर आईच्या आंघोळीसाठी आडोशाच्या लुगड्याचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं होतं, तोंड दुसरीकडं करून. आडोसा धरला की पलीकडचे गडी माना खाली घालून जात. सांगावं लागत नसे. आणि पैठणला वाऱ्यानं लुगडं फुगलं, तर त्यांनी लेन्स रोखली, कारण हिरवा रंग उन्हात सुरेख दिसत होता. गुन्ह्याच्या बाकीच्या अटी तिथं बसतात की नाही, ते वकील ठरवतील. मान खाली घालायची असते, हे शिकायला त्यांना वकील लागत नव्हता.

"रस्त्यात रिक्षातून उतरणं काय खासगी नाय," भामाबाईंनी निकाल दिला. "जा."

मुलीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. कोपऱ्यात ती बोटाच्या नखाएवढी होती. "तरी पुसा."

"पुसू नका," बद्रीनाथ उसळला. "हक्क हाय आपला."

पुंडलिकरावांनी पुसला.

"आधी विचारलं असतं तर हो म्हटलं असतं मी," मुलगी म्हणाली. "तोंड नाही का तुम्हाला?"

बाहेर येऊन बद्रीनाथ हक्कांवर बोलत राहिला. चहा होईपर्यंत तो थांबला नाही.

"बद्री, पैठणचा फोटो काढून टाक. मंडळाच्या भिंतीवरचा, फेसबुकवरचाही."

"पहिलं बक्षीस हाय ते. आज आपण जिंकलो, अन् तुम्ही..."

"तुझं ऐकून दोन वर्षं गप बसलो. आता तू गप बस. काढ."

बद्रीनाथनं कुरकुरत फोन काढला. फोटो पानावरून जाईपर्यंत पुंडलिकराव त्याच्या खांद्यावरून पाहत उभे राहिले. मग मंडळाच्या खोलीत स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच चौकट उतरवली. घरी मूळ फाइल पुसली.

उत्तराचे चार मसुदे झाले. पहिल्यात कायदा होता, दुसऱ्यात त्यांचा लाजरा स्वभाव, तिसऱ्यात दोन्ही. स्वतःचाच वैताग येऊन त्यांनी तिन्ही फाडले. चौथा एवढाच: 'सुलेखाताई, फोटो सगळीकडून काढला. लोकांच्या फोनमधून तो मला काढता येत नाही. आडोसा दिसत असून मी पाहिलं. चूक माझी. आईंना माझा नमस्कार सांगावा, सांगावासा वाटला तर.'

पोस्टात खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "साधं की स्पीड पोस्ट?"

"स्पीड पोस्ट," पुंडलिकराव म्हणाले. "आधीच फार उशीर झालाय."

तिनं शिक्का मारला आणि पाकीट पैठणच्या थैलीत टाकलं.