न घेतलेला स्वॅब

“मान जरा मागं टेकवा, काका. डोळे मिटलेत तरी चालतंय.”

जोतीराम देवकरांनी मान मागे टेकवली, पण डोळे उघडेच ठेवले. सदतीस वर्षं इंदापुरात पाण्याच्या टाकीवर पंप चालवलेला माणूस. आपल्याला कोण काय करतंय ते बघितल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. ज्योत्स्नानं काडी नाकात सरकवली, हलक्या हातानं फिरवली आणि बाहेर काढली. त्यांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. हलले मात्र नाहीत. शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको जयवंता तोंडाला पदर लावून हसत होती.

“हसतीस काय? आता तुझीच पाळी हाय.”

“जहाजात बसायला नाक कशाला तपासाय लागतंय म्हन्ते मी,” जयवंताबाई म्हणाल्या. “नाकानं वल्हवायचं हाय का त्यास्नी?”

ज्योत्स्नालाही हसू आलं. मास्कच्या आत का होईना, बऱ्याच दिवसांनी आलं. बारामतीतल्या या लॅबमध्ये तिला अकरावं वर्ष चाललं होतं. सगळ्या बारामतीला ती ‘हलक्या हाताची बाई’ म्हणून ठाऊक होती. एप्रिलमधल्या लाटेत तिनं दिवसाला दीडदीडशे स्वॅब घेतले होते. त्यातला एक तिच्या आईचा, ताईबाईंचा. त्याचा रिपोर्ट चौथ्या दिवशी आला, आणि आई तिसऱ्या दिवशीच गेली होती. तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट हातात घेतला की ती आधी तारीख बघायची, मग नाव.

डिसेंबर संपत आला होता आणि आकडे परत वर चालले होते. देवकरांना शनिवारी दुपारी मुंबईहून जहाजात चढायचं होतं. गोव्यापर्यंत जाऊन परत यायचं. चढण्याआधी बहात्तर तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय जहाजावर घेत नव्हते, म्हणून दोघं गुरुवारी दुपारची एसटी धरून आले होते.

“किती जण आहात?” ज्योत्स्नानं विचारलं.

“भावकीतली सव्वीस. माझ्या भाच्यानं, माऊलीनं जमवलंय समदं. आमची प्रयागाक्का हाय ना कऱ्हाटीची, माऊलीची आई, तिला समुद्र बघायचा हाय. एकाहत्तर वर्सं झाली, अजून बघितला न्हाय.”

“मग बाकीचे कधी येणार?”

“त्येंला यायची गरज न्हाय म्हनं. एजंट हाय महिपती म्हणून, त्यो म्हनला, आधार कार्डाचे फोटू पाठवा, रिपोर्ट येतील.” जोतीरामांनी डोळे पुसले. “म्या म्हनलं, कागदावर नाव माझं लागनार तर नाक बी माझंच पायजे. आलो गाडीत बसून.”

ज्योत्स्नाला वाटलं, म्हाताऱ्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. तिनं जयवंताबाईंचा स्वॅब घेतला, दोघांचा फोन नंबर लिहून घेतला आणि त्यांना वाटेला लावलं. मग नावं चढवायला ती बाहेरच्या कॉम्प्युटरपाशी आली.

देवकर जोतीराम हे नाव तिथं आधीच होतं. खाली देवकर जयवंता. त्याच्या खाली आणखी चोवीस नावं. सगळ्यांपुढे वेळ सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. सव्वीसही निगेटिव्ह. रिपोर्ट छापून पाकिटात घातलेले टेबलावर पडले होते. तिनं वरचं पाकीट उघडलं. खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘नमुना घेणार’, आणि पुढे तिची सही. खोटी नव्हे, तिचीच, नेहमीची, शेवटची रेघ लांब ओढलेली. कधीतरी एका कागदावर केलेली सही कॉम्प्युटरमध्ये घेऊन ठेवली होती. ती सव्वीस वेळा उमटवली होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी ती लेकीच्या शाळेत पालकसभेला होती. लॅबमध्ये आली तीच साडेअकराला.

पाकीट तसंच हातात धरून ती आतल्या खोलीत गेली. लॅबचे मालक रणजितसर फोनवर बोलत होते. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि फोन ठेवला.

“सर, यांचे स्वॅब कुणी घेतले?”

“ग्रुप आहे तो, ज्योत्स्नाताई. सगळ्यांचे दोन-दोन डोस झालेत. कुणाला शिंकसुद्धा नाही. फिरायला चाललेत माणसं, दवाखान्यात नाही.”

“मी घेतले असं लिहिलंय.”

“मग दुसऱ्या कुणाचं लिहिणार? इथं तुम्हीच घेता ना?” ते अगदी साध्या आवाजात बोलत होते. या माणसानं लाटेच्या दिवसांत तिला स्वतःच्या घरून जेवणाचा डबा आणून दिला होता. आई गेली तेव्हा स्मशानात उभा होता. त्याच आवाजात तो आता म्हणत होता, “त्या म्हाताऱ्यांनी उगाच हेलपाटा घातला. ते दोन नमुने टाकून द्या.”

ज्योत्स्नानं ते टाकले नाहीत. संध्याकाळच्या नमुन्यांबरोबर मशीनला लावले. शुक्रवारी सकाळी निकाल आला. जयवंताबाई निगेटिव्ह. जोतीराम पॉझिटिव्ह.

तिनं तारीख आणि नाव दोनदा ताडून बघितलं. मग जिन्यात जाऊन तिनं इंदापूरला फोन लावला.

“काका, मी बारामतीच्या लॅबमधनं बोलतीय. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय.”



“आगं पन माऊलीनं काल राती फोनवर पाठवलाय की रिपोर्ट,” जोतीराम म्हणाले. “निगेटिव्ह हाय त्यो.”

“तो खरा नाही.”

“खरा न्हाय म्हंजी?”

“तुम्ही दोघं सोडून कुणाचंच तपासलेलं नाही, काका. सही माझी आहे, पण मी कुणाला बघितलंसुद्धा नाही.”

“मला तर काय बी होत न्हाय. सकाळी भाकरी खाल्ली.” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “बुधवारी आक्काच्या घरी जेवाय हुतो आमी समदी. सव्वीसच्या सव्वीस. एका पंगतीत.”

ज्योत्स्नानं जिन्याचा कठडा धरला.

“सगळ्यांना सांगा, काका. माझ्याकडे त्यांचे नंबर नाहीत. सगळ्यांच्या पुढं त्या एजंटचाच नंबर लिहिलाय.”

“सांगतो,” ते म्हणाले. “आत्ता सांगतो.”

दुपारी तिनं रणजितसरांपुढे एका ओळीचा अर्ज ठेवला: माझी सही काढून टाकावी. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, रिपोर्ट गेलेत, आता काय काढणार? तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. ती दारापर्यंत गेली. चपला घातल्या. मग तिला वाटलं, सही आपली आहे, आधी आपल्यालाच धरतील; लेक दहावीत आहे; आणि देवकरकाका सांगतायत म्हटल्यावर माणसं थांबतीलच की. तिनं चपला काढल्या. संध्याकाळपर्यंत आणखी एकोणचाळीस स्वॅब घेतले.

माणसं थांबली नव्हती. हे तिला बारा दिवसांनी कळलं.

बुधवार होता. लॅबमध्ये गर्दी होती. डोकं भादरलेला चाळिशीतला एक माणूस रांग मोडून आत आला. त्याच्या हातात चौघडी घातलेला कागद होता.

“ज्योत्स्ना कोन हाय हितं?”

“मी.”

त्यानं कागद उलगडून टेबलावर ठेवला. “ही सही तुमची का?”

तिनं नाव वाचलं. प्रयागबाई. वय एकाहत्तर. निगेटिव्ह.

“तुमची हाय का न्हाय ते सांगा.”

“माझी आहे.”

“मग माजी आई कशी मेली?”

म्हणजे हा देवकरकाकांचा माऊली. त्यानं ओरडून विचारलं नाही. खरोखरच कळत नसल्यासारखं विचारलं. तो उभ्या उभ्या सांगत राहिला. जहाजावर दुसऱ्याच दिवशी आईला ताप आला. बंदराला लागल्यावर सगळ्यांची तपासणी झाली, मामा-मामी सोडून चढलेल्या चोवीसजणांतले नऊ पॉझिटिव्ह निघाले. आईला साखरेचं दुखणं, त्यात दम्याची जुनी खोड. ऑक्सिजनवर सहा दिवस. तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही.

“दोन दिवस हुती जहाजावर,” तो म्हणाला. “समुद्र बघितला तिनं. खोलीच्या खिडकीतनं.”

रणजितसर बाहेर आले होते. त्यांनी कागद उचलला, चष्मा लावून वाचला आणि शांतपणे म्हणाले, “सॅम्पल यांनीच घेतलंय. त्या दिवशी निगेटिव्ह असेल. नंतर लागण झाली असेल. लॅबचा काय संबंध?”

ज्योत्स्नानं त्यांच्याकडे बघितलं. अकरा वर्षं ज्या माणसाला आपण ओळखत होतो असं तिला वाटत होतं, तो तिच्याकडे न बघता बोलत होता. तिनं हातमोजे काढले, एकात एक गुंडाळून कचऱ्याच्या लाल डब्यात टाकले आणि माऊलीला म्हणाली, “दादा, तुम्ही माझ्याबरोबर चला.”

“कुठं?”

“मी बारा दिवसांपूर्वी जायला पाहिजे होतं तिथं.”

आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात दोघं एका बाकाच्या दोन टोकांना बसले. वाटेतच तिनं इंदापूरला फोन केला होता. आणि चारच्या सुमारास जोतीराम आणि जयवंताबाई एसटीतून उतरून आले. जोतीरामांचा सदरा खांद्यावर ढगळ झाला होता. पाच दिवस तापानं काढले होते, घरच्या घरीच निभावलं होतं. ते येऊन मधल्या जागेत बसले.

“हिनंच मला फोन केलता, माऊली,” ते म्हणाले. “हिचंच सांगनं मी तुला सांगत हुतो.”

“तुमी म्हनला, मामा. पन रिपोर्ट तर—” माऊली भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

“मी आक्काला बी फोन लावला हुता. म्हनलं, आक्का, तुज्या नाकात कुनी काडी घातली का? म्हनली, न्हाय बा. म्हनलं, मग तपासलं कसं? तर म्हनती, रेशनला अंगठा लावला की समदं कळतंय, तसंच आसंल. हल्ली अंगठ्यावरनं कळत आसंल.” जोतीरामांनी जमिनीकडे बघितलं. “तिला खोटं वाटंना. माऊलीनं आनलेला कागद खोटा कसा आसंल, म्हनली.”

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. या वेळी हसायला नव्हे.

अधिकाऱ्यांनी ज्योत्स्नाला आत बोलावलं. पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांनीही ती लाट काढली होती. त्यांनी माऊलीकडून घेतलेली, त्याच्या आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स तिच्यापुढे सरकवली. “यांना ओळखता?”

काळपट झेरॉक्स होती, पण चेहरा कळत होता. कुंकू नसलेलं कपाळ, दोन्ही नाकपुड्यांवर मोठाल्या चमक्या. अशा बायकांचा स्वॅब घेताना ज्योत्स्ना आधी चमकी फिरवून काढायला सांगायची. पुष्कळजणींची कित्येक वर्षांत निघालेली नसायची, मग साबणाचा हात लावून काढावी लागायची. ही बाई तिच्या लक्षात राहिली असती. नक्की राहिली असती.

“नाही,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदा बघतीय.”

“लिहून द्याल? तुमचीही चौकशी होईल. सही तुमची आहे, आणि तुम्ही लगेच आला नाहीत.”

“तेही लिहिते.”

तिनं दोन पानं लिहिली. पालकसभा, दहा वाजून दहा मिनिटं, दोन खरे नमुने, जिन्यातला फोन, घातलेल्या आणि परत काढलेल्या चपला. काहीच गाळलं नाही. शेवटी सहीच्या जागी तिनं नाव पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं.

बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. जोतीराम आणि जयवंताबाई एसटीची वेळ विचारायला फाटकापाशी गेले होते. माऊली पायरीवर बसला होता. ती जवळून जाऊ लागली तसं त्यानं वर न बघताच विचारलं,

“ताई, त्या काडीला येळ किती लागतो?”

“कशाला?”

“एका मानसाचं तपासायला. किती येळ जातो?”

ज्योत्स्नाला खोटं बोलावंसं वाटलं. पुष्कळ लागतो म्हणावं, अर्धा दिवस मोडतो म्हणावं.

“दहा सेकंद,” ती म्हणाली.

माऊलीनं मान हलवली. समोर रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर जड जड चालला होता, तो पुरता दिसेनासा होईपर्यंत माऊली तिकडे बघत राहिला. मग त्यानं थोडं सरकून पायरीवर तिला जागा करून दिली.